पंडिता रमाबाई : ख्रिस्ती श्रद्धा आणि जीवनध्येयाचा शोध

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या चरित्राचे लेखन बहुधा दोन वेगवेगळ्या वाटांनी झालेले दिसते. समाजसुधारणेच्या इतिहासात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष आणि शारदा सदन यांना महत्त्व दिले जाते व धर्मांतर ही वैयक्तिक बाब म्हणून बाजूला ठेवली जाते. मिशनरी चरित्रांत याउलट धर्मांतर हाच केंद्रबिंदू ठरतो आणि त्यापूर्वीची पंचवीस वर्षे केवळ अंधारातील प्रवास म्हणून रंगविली जातात. या दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. रमाबाईंना त्यांचे जीवनध्येय ख्रिस्ती श्रद्धेतून गवसले काय, की ध्येय आधीच निश्चित होते आणि श्रद्धेने त्याला केवळ बळ दिले?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार कालानुक्रमे केला आहे. स्त्रियांची, विशेषतः विधवांची सेवा हे ध्येय रमाबाईंनी बाप्तिस्म्यापूर्वीच स्वीकारले होते, हे ऐतिहासिक घटनाक्रमावरून स्पष्ट होते. श्रद्धेमुळे बदलली ती त्या ध्येयाची सीमा. साहाय्यास पात्र कोण, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर १८८३ नंतर क्रमाक्रमाने विस्तारत गेले आणि या विस्ताराची किंमत त्यांना प्रत्येक टप्प्यावर मोजावी लागली.

प्रश्नाची घडण : १८५८ ते १८८२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ या अरण्यातील आश्रमात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये हा तत्कालीन रूढीचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकविली. पुढे रमाबाईंना संस्कृतचे धडे मिळाले ते मुख्यतः आईकडून. रमाबाई लहान असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला आणि तीर्थयात्रा व पुराणकथन हेच त्याचे जीवन झाले. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, शिल्लक राहील ते दानधर्मात खर्च करावे, असा हा क्रम अनेक वर्षे चालला.

१८७० च्या दशकातील दक्षिणेतील दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उपासमारीचा हा अनुभव पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण दोन दशकांनंतर दुष्काळग्रस्त मुलींसाठी धावून जाताना रमाबाईंनी स्वतःच्या भुकेच्या आठवणींचा आवर्जून उल्लेख केला होता. थोरले बंधू श्रीनिवास यांच्यासह हजारो मैलांची पायपीट करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या.

कलकत्त्यातील मुक्कामात स्त्रियांपुढे व्याख्याने देण्याच्या निमित्ताने रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले. या अभ्यासाने त्यांच्या मनात मूलभूत शंका निर्माण झाली. धर्मशास्त्रे, पुराणे आणि तत्कालीन पंडितांची मते अनेक बाबतींत परस्परविरोधी असली, तरी स्त्री व शूद्र यांना स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, या मुद्द्यावर त्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी या शोधाला आपल्या श्रद्धांतराच्या प्रारंभीचे स्थान दिले आहे. आत्मनिवेदन हे घटनांनंतर अनेक वर्षांनी आणि श्रद्धावंताच्या भूमिकेतून लिहिलेले असल्याने ते सावधपणे वाचावे लागते. परंतु या काळातील त्यांच्या कृती त्या निवेदनाशी सुसंगत आहेत. श्रीनिवास यांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीचे व धर्मविधींचे बंधन त्यांनी ख्रिस्ती होण्यापूर्वीच झुगारले होते, हे यावरून दिसते.

आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि आयझॅक ॲलन या बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलमधील कथा ऐकल्या. मेधावी यांना ही ओढ रुचली नाही. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि १८८२ च्या प्रारंभी मेधावी पटकीने मरण पावले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सर्व आधार नाहीसे झाले. स्वतः विधवा झालेल्या रमाबाईंपुढे विधवांचा प्रश्न आता केवळ ग्रंथांतील चर्चेचा विषय राहिला नव्हता.

पुणे : ध्येयाची निश्चिती

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-निरीक्षक असावेत आणि स्त्रियांच्या औषधोपचारासाठी स्त्री-डॉक्टर तयार व्हावेत, ही त्यांची मागणी होती. विधवांसाठी आश्रयस्थान काढण्याचा विचारही याच काळात आकार घेऊ लागला.

म्हणजेच, जीवनकार्य कोणते हा प्रश्न रमाबाईंपुरता १८८२ मध्येच सुटला होता. न सुटलेला प्रश्न निराळा होता. या कार्याला आधार कोणत्या श्रद्धेचा? बाळपणापासून ज्या धर्माच्या आधारे जगणे झाले, त्या धर्माच्या ग्रंथांत स्त्रीला स्वतंत्र स्थान दिसत नव्हते. ब्राह्मो समाजाच्या एकेश्वरवादाचा परिचय कलकत्त्यात झाला होता, परंतु त्याने मनाचे समाधान झाले नाही. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. तेव्हा ख्रिस्ती होण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले होते.

वॉन्टेज आणि फुलहॅम : १८८३

इंग्लंडमध्ये रमाबाई वॉन्टेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. या संघाच्या शाखेचे कार्य पुण्यात चालत असल्याने पूर्वपरिचय होता. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. त्यांच्यासोबत आलेल्या सहकारी आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेज येथे आत्महत्या केल्याने या काळावर दुःखाची गडद छाया पडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागील कारणांत दोन गोष्टींचा उल्लेख त्यांनी स्वतः केला आहे. पहिली गोष्ट बौद्धिक स्वरूपाची आहे. मूळचे नीलकंठशास्त्री गोरे असलेले फादर नेहेम्या गोरे यांच्याशी झालेली चर्चा व पत्रव्यवहार यांमुळे त्यांच्या अनेक शंकांचे निरसन झाले. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष दर्शनाची आहे. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनीसंघाने चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जात होते, त्यांना काम शिकविले जात होते व नव्याने जगण्याची संधी दिली जात होती. ज्या स्त्रियांना रूढ नीतिशास्त्र केवळ शिक्षेचे अधिकारी मानते, त्यांच्याविषयी ही करुणा कोठून येते, असा प्रश्न रमाबाईंनी केला. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. परजातीच्या, लौकिकदृष्ट्या कलंकित स्त्रीशी येशू विहिरीवर बोलतो आणि तिला उपदेशास पात्र मानतो, या कथेने आपल्या मनाची पकड घेतली, असे त्या नमूद करतात.

महाराष्ट्रातील पूर्वीच्या प्रसिद्ध धर्मांतरांशी तुलना केल्यास या घटनेचे वेगळेपण लक्षात येते. नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो प्रामुख्याने तत्त्वज्ञानविषयक वादविवादाच्या अखेरीस. बाबा पदमनजी (बाप्तिस्मा १८५४) यांचा मार्गही मिशन शाळा, वाचन आणि चिंतन यांतून गेला, आणि विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये, म्हणजे धर्मांतरानंतर आले. रमाबाईंच्या बाबतीत क्रम उलटा आहे. स्त्रियांच्या दुःखाचा प्रश्न आधी आहे, त्यावरील प्रत्यक्ष कार्याचा नमुना नंतर दिसतो आणि त्या नमुन्यामागील श्रद्धेचा स्वीकार शेवटी होतो. अर्थात, फुलहॅमने त्यांच्या ध्येयात एक नवा घटकही आणला. १८८२ मधील त्यांची दृष्टी मुख्यत्वे सद्वर्तनी परंतु निराधार अशा उच्चवर्णीय स्त्रीवर केंद्रित होती. सद्वर्तनाची अट न घालता आश्रय देता येतो, हे त्यांनी फुलहॅममध्ये प्रथम पाहिले.

विवेकस्वातंत्र्याचा आग्रह

बाप्तिस्मा म्हणजे चर्चच्या अधिकाराला संपूर्ण शरणागती, हा अर्थ रमाबाईंनी कधीच मान्य केला नाही. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्या शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. त्या काळातील, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार आणि बायबलच्या अर्थनिर्णयाचा हक्क यांवरून दोघींत झालेले तीव्र मतभेद त्यात दिसतात. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी तो ठामपणे फेटाळला. त्या शाकाहारी राहिल्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा त्यांचा आग्रह होता.

एका धर्मातील पुरोहितांच्या अधिकाराविरुद्ध उभी राहिलेली स्त्री दुसऱ्या धर्मात जाऊन तेथील धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकविणार नाही, ही या पत्रव्यवहाराची साधी फलश्रुती आहे. पुढील वाद समजून घेण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य ही रमाबाईंच्या दृष्टीने श्रद्धेची पूर्वअट होती.

शारदा सदन : तटस्थतेचा पेच

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा काढण्याकरिता दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही व विद्यार्थिनींच्या धर्माचारात हस्तक्षेप होणार नाही, ही त्यामागची अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. प्रारंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. १८९० मध्ये संस्था पुण्यास हलविण्यात आली. जेवणखाण, सोवळेओवळे व पूजाअर्चा यांबाबत मुलींना मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार बंद ठेवीत नसत. काही मुली त्या प्रार्थनेस बसू लागल्या व त्यावरून वादाला तोंड फुटले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. चौकशीनंतर बोस्टन येथील संस्था मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

या वादाचा निवाडा एका बाजूने करणे इतिहासाला धरून होणार नाही. सल्लागारांनी समाजाला तटस्थतेची हमी दिली होती आणि विरोधकांचा रोष पत्करून मुली मिळविल्या होत्या. आश्रयावर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलीची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. पुढील काळात सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतल्याने तो आक्षेप अधिक दृढ झाला. दुसरीकडे, ज्या विवेकस्वातंत्र्यासाठी रमाबाई स्वतः बिशपांशी झगडल्या, तेच स्वातंत्र्य मुलींना नाकारणे व आपली श्रद्धा दाराआड लपविणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. एकाच तत्त्वातून त्यांचे सामर्थ्य आणि त्यांच्या संस्थेचे संकट ही दोन्ही निर्माण झाली.

याच काळात रमाबाईंच्या श्रद्धेतही अंतर्गत बदल घडत होता. १८८३ मध्ये आपणास ख्रिस्ताचा धर्म मिळाला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी नंतर दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्रात्मक पुस्तक वाचताना ही जाणीव झाली, असे त्या सांगतात. येथपर्यंतची त्यांची श्रद्धा विचाराने पटलेली होती. यापुढे ती व्यक्तिगत अनुभूतीची व अधिक उघडपणे सुवार्तावादी झाली.

मुक्ती : ध्येयाचा विस्तार

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि १८९७ च्या प्रारंभापर्यंत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ असल्याने नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावरील केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांची सोय करण्यात आली. यातून ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. प्लेगच्या उपाययोजनेत स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांवर रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून सरकारवर जाहीर टीका केली. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या सरकारधार्जिण्या झाल्या, हा समज त्यावरून फोल ठरतो.

शारदा सदन व मुक्ती यांतील फरक केवळ संख्येचा नाही. शारदा सदनाची दारे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी उघडली होती. केडगावला आलेल्या मुली निरनिराळ्या जातींच्या, बहुतांशी ग्रामीण, अनाथ आणि उपासमारीने खंगलेल्या होत्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर येथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, वृद्ध स्त्रियांची व अंध मुलींची स्वतंत्र व्यवस्था झाली. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, तेलघाणी, शिवणकाम आणि छापखाना अशी कामे स्त्रियांच्याच हाती होती. खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतचे काम मुली करीत. फुलहॅममध्ये १८८३ साली पाहिलेले चित्र केडगावच्या माळावर कितीतरी मोठ्या प्रमाणावर साकार झाले.

या विस्ताराला एक दुसरी बाजूही होती. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक नवजागृतीने तिचे हे स्वरूप अधिकच ठळक केले. जातीच्या दृष्टीने दार जितके रुंद झाले, तितकी धर्माच्या दृष्टीने संस्था एकरंगी झाली. पुण्यातील सुधारकांशी असलेला पूर्वीचा संवाद जवळजवळ थांबला. हिंदू समाजातील विधवाशिक्षणाचे कार्य कर्वे यांच्या १८९६ मधील अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्थांनी निराळ्या मार्गाने पुढे नेले. शारदा सदनात शिकलेल्या आनंदीबाई कर्वे यांचे त्या कार्याला लाभलेले साहाय्य लक्षात घेता, या दोन प्रवाहांचे नाते पूर्णतः तुटले असेही म्हणता येत नाही.

अखेरचे कार्य : लोकभाषेतील बायबल

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दयोजना टाळून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीस समजेल अशी मराठी वापरणे हा त्यांचा हेतू होता. ‘पंडिता’ ही पदवी ज्या संस्कृत विद्येमुळे मिळाली, तीच विद्या त्यांनी येथे जाणीवपूर्वक बाजूस सारली. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंची प्राणज्योत मालवली. त्यापूर्वी भाषांतराचे काम पुरे झाले होते. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, स्त्रीसेवेचे ध्येय रमाबाईंनी स्वानुभवातून व शास्त्राभ्यासातून १८८२ पर्यंत निश्चित केले होते. ते धर्मांतराचे फलित नव्हे. दोन, ख्रिस्ती श्रद्धेने त्या ध्येयाला पात्रतेच्या अटीपासून मुक्त केले. उच्चवर्णीय विधवा, नंतर दुष्काळग्रस्त मुलगी, ‘पतित’ स्त्री, अंध व वृद्ध स्त्री असा हा विस्तार आहे आणि त्याचे बीज फुलहॅमच्या अनुभवात आहे. तीन, प्रत्येक विस्ताराबरोबर पूर्वीचा एक आधार सुटला. प्रथम स्वसमाज दुरावला, मग अँग्लिकन गुरुजनांशी अंतर पडले आणि शेवटी पुण्याच्या सुधारकांची सोबत गेली.

जीवनध्येयाचा शोध हा एका क्षणी पूर्ण होणारा साक्षात्कार असतो, अशी समजूत श्रद्धाविषयक लेखनात बरेचदा आढळते. रमाबाईंचे चरित्र निराळी साक्ष देते. त्यांच्या बाबतीत श्रद्धा ही सुमारे चाळीस वर्षे चाललेली प्रक्रिया होती आणि तिची कसोटी प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी लागली : दारात उभ्या असलेल्या स्त्रीला आत घ्यावयाचे की नाही. या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर उत्तरोत्तर अधिक व्यापक होत गेले. आत आलेल्या स्त्रीच्या श्रद्धेवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा किती भार पडावा, हा १८९३ चा प्रश्न मात्र धर्माच्या प्रेरणेने चालणाऱ्या प्रत्येक सेवाकार्यापुढे आजही उभा आहे. रमाबाईंचे मोठेपण मान्य करूनही तो विचारला गेला पाहिजे.